एक खिळा आणि माझे आठ महिने

माझ्या एका मैत्रिणीने घर बदललं, भाड्याचं. किल्ल्या देताना मालक तिला म्हणाले, रंग लावा, पडदे लावा, काय हवं ते करा, फक्त हॉलच्या भिंतीवरचा तो खिळा तेवढा काढू नका. ती मला हे फोनवर सांगत होती आणि तेही मधेच, म्हणजे सामान हलवणाऱ्यांनी कपाटाचा पाय कसा मोडला ही मुख्य तक्रार चालू होती आणि त्यात हे दीड वाक्य येऊन गेलं. कपाटाचं पुढे काय झालं ते मी ऐकलंच नाही. मी विचारलं, त्या खिळ्याला टांगलंय काय? म्हणाली, काहीच नाही गं, नुसता खिळा आहे, आणि केवढा वर आहे, माझा हातही पोचत नाही तिथे, थांब उद्या विचारते त्यांना कशासाठी ते. मी जवळजवळ ओरडलेच, नको विचारूस!

तिला वाटलं मला काहीतरी झालंय. पण ज्यांना गोष्टी लिहायची खाज आहे त्यांना कळेल. कारण कळलं असतं तर संपलंच असतं सगळं.

नंतर वाचताना कळलं की ही खोड जुनी आहे. हेन्री जेम्स या कादंबरीकाराने लिहून ठेवलंय, १८९३ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, एका जेवणाच्या वेळी शेजारी बसलेल्या बाईंनी सहज एक हकिकत सांगायला घेतली, एक आई आणि तिचा एकुलता एक मुलगा, जुन्या घरातल्या सामानावरून दोघांचं फाटलेलं. पहिल्या काही शब्दांतच त्याला कथाबीज दिसलं आणि पुढे बाई तपशील सांगत राहिल्या ते त्याला नकोसं झालं. कारण खरं आयुष्य पुढे जाऊन त्या बीजाची माती करतं असं त्याचं म्हणणं. त्याने त्यावर छोटी कथा लिहायची ठरवली होती, ती वाढत वाढत कादंबरी झाली आणि छापून यायला १८९६ उजाडलं. हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही लेखन कार्यशाळेत आला नव्हता. त्याला तीन वर्षं, मला आठ महिने, ठीके चाललंय की.

तर आठ महिने. त्यातले पहिले तीन तर नुसती नोट पडून होती. फोनमध्ये लिहिलं होतं, "खिळा. काढू नका म्हणाले. उंच." माझ्या फोनमध्ये अशा शंभरेक नोटा आहेत आणि त्यातल्या निम्म्या मलाच कळत नाहीत. एक आहे, "निळी छत्री, दोनदा". काय दोनदा? कुणाची छत्री? ते लिहिताना मला नक्की वाटलं असणार की हे विसरणं शक्यच नाही. आता मी एक सवय लावून घेतलीय, काय सुचलं यासोबत ते मला का टोचलं हेही एका ओळीत लिहायचं. खिळ्याच्या बाबतीत मी नशिबाने "उंच" हा शब्द लिहिला होता. त्या एका शब्दाने पुढे मला वाचवलं, पण ते नंतर.

मग एका रविवारी बसले लिहायला. भाडेकरूवर गोष्ट, अर्थातच, कारण मैत्रीण भाडेकरू होती. तिचा मी पुरुष केला आणि वाटलं केवढी कल्पकता दाखवली. तो सकाळी उठतो, अलार्म बंद करतो, खिडकीबाहेर बघतो, बाहेर ढग, आरशात बघतो, दाढी वाढलेली, मग ऑफिसचा विचार, मग आधीच्या घराची आठवण, तीन पानं झाली आणि माझा माणूस अजून दात घासत होता. खिळा चौथ्या पानावर तरी येईल असं वाटलं पण तिथे त्याच्या आईचा फोन आला. तीन आठवडे हेच चाललं. रोज उघडायचं, पहिलं पान सुधारायचं, ढगांचा रंग बदलायचा, बंद करायचं. पहिलं पान इतकं गुळगुळीत झालं की त्यावर पायच ठरेना.

रशियन कथाकार चेकॉव्ह म्हणायचा की गोष्ट लिहून झाली की सुरुवात आणि शेवट कापून टाकावा, कारण लेखक तिथेच सगळ्यात जास्त खोटं बोलतो. ही आठवण त्याला ओळखणाऱ्या बूनिन या लेखकाने सांगितलीय. मला ती माहीत होती, मी ती इतरांना सांगितलीही आहे, आणि स्वतः मात्र दाढी आणि ढग. असो. आता मला वाटतं ती पानं वाया गेली असं नाही. पण ती गोष्टीची नव्हती. घसा साफ करतो ना आपण बोलायच्या आधी, तसं होतं ते. घसा साफ केल्याचा आवाज कुणी ऐकवत नाही लोकांना, एवढंच.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगते. मी तयारी करायला घेतली. नेटवर पात्रांचे फॉर्म मिळतात, आवडता रंग कुठला, लहानपणी कशाची भीती वाटायची, डावखुरा आहे का, पाकिटात काय असतं, असे ऐंशी का कितीतरी प्रश्न. दोन आठवडे मी तो फॉर्म भरला. माझा भाडेकरू डावखुरा निघाला, त्याला कुत्र्यांची भीती होती, त्याच्या पाकिटात एक जुनं तिकीट होतं. आणि तरी तो माझ्यासमोर उभा राहिला तर मला त्याच्याशी बोलायला काही नव्हतं. मग कथानकाचे तक्ते, तीन अंक, गोष्टीच्या पंचवीस टक्क्यांवर अमुक झालंच पाहिजे. मग लिहायचं एक ॲप घेतलं, त्यात कॉर्कबोर्डासारखा फळा असतो आणि त्यावर चिठ्ठ्या लावता येतात, तर चार दिवस चिठ्ठ्यांचे रंग ठरवण्यात गेले. फॉर्म आणि तक्ते कुणाला उपयोगी पडत नसतील असं मी म्हणत नाही, लांबलचक कादंबरी असेल तर पडतही असतील, पण माझ्यासाठी ते न लिहिता लिहिल्याचं समाधान होतं. दिवसभर दमायला व्हायचं आणि ओळ एक नाही.

शेवट आधी ठरवायचाही नाद करून बघितला. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोने १८४६ मध्ये एका निबंधात ठणकावून सांगितलंय की शेवट पक्का डोळ्यासमोर असल्याशिवाय कागदाला पेन लावू नये. मी महिनाभर शेवट शोधला. जो शेवट सापडायचा त्यात खिळा पडायचा आणि भिंतीत काहीतरी सापडायचं. पत्र. नेहमी पत्रच. माझ्या डोक्यातल्या सगळ्या भिंतींत कुणी एवढी पत्रं कधी भरून ठेवली काय माहीत. पोला जमत असेल बाबा, मला त्या सल्ल्याने एक महिना जाम केलं.

सुटका झाली ती धाकट्या भावामुळे. त्याला गोष्टीबिष्टींत काडीचा रस नाही. तो विचारत होता तू रोज लॅपटॉप घेऊन काय करतेस, मी म्हटलं गोष्ट लिहितेय, म्हणाला सांग. मी सांगितलं, एक माणूस भाड्याने घर घेतो आणि मालक म्हणतो हा खिळा काढू नका.

"मग?"

मग तो खिळ्याकडे बघत राहतो, त्याला उत्सुकता वाटते.

"मग?"

मग... मी थांबले. तो म्हणाला, "एवढंच? मग काढू नये ना त्याने. त्याचं काय जातंय?" आणि फोनमध्ये डोकं घालून बसला.

त्याचं काय जातंय. खरंच, माझ्या भाडेकरूचं काहीच जात नव्हतं. खिळा राहिला काय, काढला काय, तो वर्षाने दुसरीकडे जाणार. माझ्याकडे होती ती गोष्ट नव्हतीच, नुसतं एक कुतूहल होतं, मित्रांत सांगायची गंमत होती. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ मध्ये केंब्रिजला कादंबरीवर व्याख्यानं दिली होती त्यातलं ते राजाराणीचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल, राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती घटनांची रांग, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. माझ्याकडे तर रांगही नव्हती, एकटा राजा होता आणि तोही धडधाकट.

मग मी एक कागद घेतला, साधा कागद हं, ॲप नाही, आणि वर लिहिलं, खिळा गेला तर कुणाचं काय जाईल? आणि ठरवलं की वीस उत्तरं लिहिल्याशिवाय उठायचं नाही. पहिली सहा-सात तर धडाधड आली. गेलेल्या बायकोचा फोटो. गेलेल्या मुलाचा फोटो. भूत. पुरलेलं धन. गुन्ह्याचा पुरावा. आणि अर्थातच पत्र. ही उत्तरं माझी नव्हतीच, ती हवेतच असतात, आपण एवढं बघितलेलं वाचलेलं असतं की हात घातला की तीच आधी लागतात हाताला. आठ ते बारा ही उत्तरं निव्वळ मूर्खपणाची होती, एकात तर खिळा परग्रहावरून आलेला होता. तेराव्याला मला कंटाळा आला. आणि चौदाव्याला मी जुनी नोट बघितली, आणि "उंच" हा शब्द दिसला.

एवढ्या उंचावर कुणी खिळा का ठोकेल? शोभेसाठी नाही. डोळ्यांच्या रेषेत ठोकतात माणसं. मग तो ठोकणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत असेल तर? म्हणजे ठोकणारा माणूस खूप उंच होता. घरात बाकी सगळे बुटके आणि एकच उंच. मुलगा. त्याने घड्याळ लावलं, स्वतःच्या मापाने, आणि एक दिवस भांडून घर सोडून गेला. तो मेलेला नाही, हे मला लगेच कळलं, मेला असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो आहे कुठेतरी, व्यवस्थित आहे, फक्त येत नाही. घड्याळाची बॅटरी संपली तेव्हा कुणाचा हात पोचेना आणि त्याला बोलवायचं नाही म्हणून ते तसंच बंद राहिलं, मग कधीतरी घड्याळ पडलं, फुटलं, खिळा राहिला.

हे लिहिताना माझा हात थरथरत होता वगैरे काही नाही, पण मी लाईट लावायची विसरले होते हे अंधार झाल्यावर लक्षात आलं.

आता गोष्ट मालकांची झाली होती. जायचं होतं ते त्यांचं. म्हणून मी मालकांच्या बाजूने लिहायला घेतलं, तृतीयपुरुषी, त्यांच्या मनात शिरून. आणि परत आपटले. कारण त्यांना सगळंच माहीत. खिळ्याकडे बघितलं की मुलगा आठवतो, की झालं, पानभर आठवण. दारात उभे राहिले, आठवण. जिना चढले, आठवण. इतकं रडकं झालं की मला स्वतःलाच त्या म्हाताऱ्याचा राग यायला लागला, बिचाऱ्याची काही चूक नसताना. ज्याला दुखतंय त्याच्याच तोंडून दुखतंय दुखतंय ऐकलं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही.

म्हणून मग परत भाडेकरूकडे. पण आता वेगळ्या डोक्याने. याला काही माहीत नाही, ही त्याची अडचण नव्हती, हाच त्याचा उपयोग होता. तो जे बघेल तेवढंच सांगेल आणि वाचणारा त्याच्या खांद्यावरून त्याच्यापेक्षा थोडं जास्त बघेल. फक्त भावाचा प्रश्न उरला होता, त्याचं काय जातंय? तर मी त्याला त्या भिंतीची गरज पाडली. हा माणूस सात घरं बदललेला, प्रत्येक घरात पुस्तकं खोक्यांतच ठेवणारा, कशाला काढायची, परत भरावी लागतील. आणि या घरात पहिल्यांदा त्याला वाटतंय की एक मोठा शेल्फ लावावा, छतापर्यंत. भिंत एकच आहे आणि नेमका तिथेच खिळा. म्हणजे एकाने आयुष्यात कुठे खिळा ठोकला नाही आणि दुसऱ्याला एक खिळा काढवत नाही. हे वाक्य मी कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. गोष्टीत ते कुठेही येता कामा नये हेही त्याच्याखाली लिहिलं, कारण मी मला ओळखते, मी ते तिसऱ्या परिच्छेदात कुणाच्यातरी तोंडी घातलं असतं.

डावखुरा, कुत्र्याची भीती, पाकिटातलं तिकीट, यातलं काहीही लागलं नाही. खोकी मात्र त्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती.

आता पहिलं वाक्य. लोक म्हणतात पहिल्या वाक्यावर अडू नका, पुढे जा, नंतर बघा. बरोबरच असेल. पण मला सूर लागल्याशिवाय दुसरं वाक्य येतच नाही, त्यामुळे मी अकरा सुरुवाती लिहिल्या, प्रत्येक चार-पाच ओळींची, वेगवेगळ्या जागेपासून. किल्ल्या घेताना. शेल्फ मोजताना. खिळ्यापासूनच. सामान आणताना. एक तर सरळ भांडणापासून. सगळ्या ठीक होत्या, म्हणजे वाईट नव्हत्या, आणि तेच वाईट. नववी लिहिताना मी स्वतःला विचारलं की या दोघांत पहिल्यांदा काहीतरी विचित्र कधी वाटतं? आणि उत्तर आलं की मालक भाडं घ्यायला येतात. पण भाडं तर हल्ली ऑनलाइन जातं, मग ते येतील कशाला?

हां. कशाला येतील?

"भाडं दर महिन्याला ऑनलाइन जायचं, तरी एक तारखेला मालक यायचेच." हे अकरावं. ग्रेट वाक्य नाहीये, माहितीये मला, पण त्यात माणूस दारात येऊन उभा राहिलाय आणि तो का आलाय हे कुणीच बोलत नाहीये. यानंतर मला काही शोधावं लागलं नाही, त्याला आत घ्यायचं होतं, बसवायचं होतं, आणि तो कुठे बघतोय ते बघायचं होतं. त्या दिवशी चारशे शब्द झाले. सात महिन्यांत मिळून झाले नव्हते तेवढे, म्हणजे टिकलेले.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही, रोजचं काम आहे. टायमर लावते, पंचवीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. पात्रांना नावं दिलेली नाहीत, मालक आणि मी, बस. जिथे काही सुचत नाही तिथे "इथे काहीतरी शेल्फबद्दल" असं लिहून पुढे जाते, कच्च्या खर्ड्यात अशा सात-आठ जागा आहेत आणि एका ठिकाणी नुसतंच "चांगलं लिही" असं लिहिलंय, कुणाला उद्देशून देव जाणे. मागचं वाचायचं नाही हा नियम केलाय, तो मी एक दिवसाआड मोडते. आणि अमेरिकन लेखक हेमिंग्वेचं ते ऐकते, पुढे काय होणार हे माहीत असताना थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही. माझ्यासारख्या आळशी माणसाला याच्याइतकं उपयोगी काही मिळालेलं नाही. आधी मी उलट करायचे, सुचलंय तोवर पिळून काढायचे आणि मग चार दिवस कोरडी.

मधे एक झालं. मैत्रिणीने शेवटी विचारलंच मालकांना. मला सांगायचं नाही असं मी बजावलं होतं पण ती गप्प बसणाऱ्यातली नाही. फोन केला आणि म्हणाली, ऐक तर, काही नाही गं, ते प्लास्टर भुसभुशीत आहे त्या भिंतीचं, खिळा काढला तर मोठी ढलपी निघेल म्हणून. एवढंच! आणि हसायला लागली.

मी दोन दिवस चिडून होते. आठ महिने मी त्या म्हाताऱ्याच्या उंच मुलाबरोबर काढले होते आणि हे म्हणे प्लास्टर. जेम्सचं बरोबर होतं, कान बंद करायला हवे होते.

पण तिसऱ्या दिवशी लिहायला बसले तेव्हा नेमका तोच प्रसंग आला होता, भाडेकरू शेवटी धीर करून विचारतो की खिळा काढला तर चालेल का, शेल्फ लावायचाय. आणि इथे मालक काय म्हणतील हे मला आठवडाभर सुचत नव्हतं. मुलाचं तर ते बोलणार नाहीत, मेले तरी बोलणार नाहीत. मी त्यांच्याकडे बघत बसले होते आणि ते भिंतीकडे. मग ते म्हणाले, प्लास्टर भुसभुशीत आहे हो तिथलं, ढलपी निघेल.

मी टाइप केलं आणि पुढची ओळ आपोआप आली, की ते हे बोलताना भिंतीकडे बघत नव्हते.

काल सहाव्या पानावर थांबले. मालकांनी स्टूल मागितलंय, वर हात लावून बघायचाय म्हणतात, प्लास्टर कसं आहे ते. घरात स्टूल एकच आहे आणि त्यावर पुस्तकांची तीन खोकी ठेवलेली आहेत, ती आधी उतरवावी लागणार.